स्नेअर बिघडला की कान?

सराव सुरू होऊन दीड तास झालेला असतो. खोली दहा बाय बाराची, खिडक्या बंद, कारण शेजाऱ्यांची तक्रार आधीच येऊन गेलेली. ड्रम वाजवणारा मुलगा मध्येच थांबतो, खिशातून की काढतो आणि स्नेअरच्या कडेचे बोल्ट आवळू लागतो. 'आवाज बसला' असे त्याचे म्हणणे. मघाशी कसा चरचरीत वाजत होता, आता नुसता भदभद वाजतोय. तो आवळतो, तारांचा स्क्रू अर्धा फेरा फिरवतो, पुन्हा वाजवतो, आता जरा जास्तच जोरात. मनासारखा आवाज लागला की घरी जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच ड्रम त्याला पत्र्याच्या डब्यासारखा कर्कश लागतो. रात्रभरात ड्रम आपोआप चढलेला नसतो. आदल्या संध्याकाळी दडा बसलेला कान झोपेत थोडा सावरलेला असतो.

वरातीच्या बँडमध्ये गळ्यात अडकवलेला 'साइड ड्रम', पोलिसांच्या आणि शाळांच्या संचलनातला ड्रम आणि ऑर्केस्ट्राच्या किटमध्ये वाजवणाऱ्याच्या गुडघ्यांमध्ये असलेला स्नेअर, हे सगळे एकाच कुळातले. किटमधला स्नेअर बहुधा 14 इंच व्यासाचा आणि पाच ते साडेसहा इंच खोल असतो. त्याला दोन पडदे. वरच्यावर काठी पडते. खालचा फार पातळ, मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी जाडीचा असतो आणि त्याला लागून स्प्रिंगसारख्या वळलेल्या, बहुधा 20 तारांची पट्टी ताणलेली असते. काठी पडली की आतली हवा दाबली जाते, खालचा पडदा हलतो, तारा त्याच्यापासून क्षणभर सुटतात आणि परत येऊन त्याच्यावर आपटतात. स्नेअरचा तो 'चर्र' आवाज म्हणजे हे आपटणे. तारा फार आवळल्या तर त्या सुटतच नाहीत आणि आवाज गुदमरतो. फार सैल सोडल्या तर शेजारचा टॉम वाजला तरी त्या भुणभुणत राहतात.

पूर्वी हे पडदे वासराच्या कातड्याचे असत. दमट हवेत कातडे सैलावते, कोरड्या हवेत ताणले जाते. आपल्याकडे हलगी वाजवण्याआधी शेकोटीवर शेकतात, त्यामागचे कारण हेच. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत चिक इव्हान्स आणि रेमो बेली यांनी पॉलिएस्टर फिल्मचे पडदे बाजारात आणले आणि ड्रमरची हवामानापासून बरीचशी सुटका झाली. जुळवण्याच्या कामातून मात्र सुटका झाली नाही.

त्याचे कारण गोल पडद्याच्या स्वभावात आहे. सतारीच्या तारेतून मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे स्वर निघतात, म्हणून कानाला एक स्वच्छ सूर मिळतो. सगळीकडे सारख्या जाडीच्या गोल पडद्यातून 1.59 पट, 2.14 पट, 2.30 पट असे वेडेवाकडे स्वर निघतात. तबल्याच्या शाईने हा वेडेवाकडेपणा कसा सुधारतो, हे सर सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्ये 'नेचर'मध्ये मांडले होते. स्नेअर त्या वाटेला जातच नाही. त्याला सूर नको आहे, ठसका हवा आहे. मात्र पडद्याचा ताण सगळीकडे सारखा नसेल तर हेच आडवेतिडवे स्वर एकमेकांत भांडू लागतात आणि ठोका पडल्यावर मागे एक घंटेसारखी 'वँ' रेंगाळते. 2003 मध्ये आलेल्या 'सेंट अँगर' या मेटालिकाच्या अल्बममध्ये लार्स उलरिच यांनी तारा सोडून दिलेला स्नेअर वाजवला. त्या टणटणाटाबद्दल रसिक अजून वाद घालतात. (याच उलरिच यांनी आपल्या कानात कायमचा आवाज होतो हे जाहीरपणे सांगितले आहे, तेही ध्यानात ठेवावे.)

निवडताना दुकानात सगळी चर्चा शेलभोवती फिरते. पितळ, पोलाद, अॅल्युमिनियम, मेपल की बर्च? लुडविगचा सुप्राफोनिक हा क्रोम चढवलेला, बहुतांशी अॅल्युमिनियमच्या शेलचा ड्रम असंख्य ध्वनिमुद्रणांत वाजलेला आहे, त्यामुळे धातूकडे ओढा असतो. शेलने फरक पडतो, पण पडद्याच्या जाडीने आणि ताणाने पडतो त्याहून कमीच. घरात किंवा लहान खोलीत वाजवणाऱ्याने एकपदरी, वरून खरखरीत लेप असलेला पडदा घ्यावा. तो हलक्या हातालाही बोलतो. दुपदरी जाड पडदा टिकतो खरा, पण त्याला बोलते करायला हात जोरात चालवावा लागतो. आणखी एक गोष्ट दुकानात सहसा कोणी करत नाही. ड्रम दुसऱ्याला वाजवायला सांगावा आणि आपण दहा-बारा फुटांवर उभे राहून ऐकावे. वाजवणाऱ्याचा कान ड्रमपासून हातभर अंतरावर असतो. तिथे बसून जी 'वँ' त्याला खुपते, ती प्रेक्षकांपर्यंत पोहोचतही नाही. ती मारण्यासाठी तो पडद्यावर चिकटपट्ट्या लावत सुटतो, आवाज मेला की पुन्हा जोर लावतो.

जुळवण्याची रीत अवघड नाही, धीराची आहे. तारांचा खटका सोडून द्यावा. पडदा बसवून सगळे बोल्ट आधी बोटांनी, मग समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळावेत. एकाच बाजूने गोल फिरत गेल्यास पडदा तिरका बसतो. मग मध्यभागी एक बोट हलकेच टेकवून प्रत्येक बोल्टपाशी, कडेपासून इंचभर आत काठीने टिचकी मारावी. जिथे स्वर उतरलेला असेल तिथे पाव फेरा चढवावा. पाव फेरा म्हणजे पावच. खालचा पडदा साधारणपणे वरच्यापेक्षा चढा ठेवतात, त्याने तारा चपळ होतात. शेवटी खटका लावून तारा इतक्याच आवळाव्यात की काठीच्या टोकाने हळू टकटक केली तरी त्या उत्तर देतील. हे सगळे काम हळू आवाजात होते. जोराचा ठोका तपासणीपुरता दोन-चारदा मारला की पुरे.

आणि हे काम सरावाच्या आधी करायचे, नंतर नाही. इथे कानाचा प्रश्न येतो.

मोठ्या आवाजाने 'कानाचा पडदा फाटतो' असा समज सर्वत्र आहे. कानाचा पडदा सुमारे एक सेंटिमीटर व्यासाचा आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका जाड असतो, म्हणजे जाडीला जवळजवळ स्नेअरच्या खालच्या पडद्याइतकाच. तो सहसा शाबूत राहतो. इजा होते ती आत, शंखासारख्या वळलेल्या अंतर्कर्णात. तिथे केसासारखे तंतू असलेल्या सुमारे 15 हजार पेशी असतात आणि माणसात त्या एकदा मेल्या की परत येत नाहीत. मोठ्या आवाजाचा पहिला घाव बहुधा 3 ते 6 हजार हर्ट्झच्या पट्ट्यातल्या पेशींवर बसतो. स्नेअरच्या तारांची चरचर ऐकू येते ती बरीचशी याच पट्ट्यातून. म्हणजे दीड तासाने कान थकतो तेव्हा ड्रमचा जो भाग आधी हरवतो, तोच आणण्यासाठी मुलगा बोल्ट आवळत असतो. बसलेला कान चढा आवाज मागतो आणि चढा आवाज कान आणखी बसवतो.

कानाला स्वतःचे संरक्षण आहे. मोठा आवाज आला की मध्यकर्णातला एक चिमुकला स्नायू आकसतो आणि हाडांची साखळी ताठ करतो. पण त्याला जागे व्हायला 25 ते 150 मिलिसेकंद लागतात, तर स्नेअरचा ठोका काही मिलिसेकंदांत शिखर गाठून मोकळा होतो. रिमशॉटचे शिखर वाजवणाऱ्याच्या कानाशी 120 डेसिबलच्या वर जाऊ शकते.

हिशेब असा आहे. 85 डेसिबल आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत चालतो असे धरले, तर दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. 88 ला चार तास, 94 ला एक तास, 100 ला पंधरा मिनिटे. बंद खोलीत पूर्ण किट वाजत असताना सरासरी 100 वर जाणे मुळीच कठीण नाही. दीड तासात सहा दिवसांचा वाटा संपलेला असतो.

कानातला दडा एक-दोन दिवसांत उतरतो, म्हणून कोणी मनावर घेत नाही. पण 2009 मध्ये शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवर केलेल्या अभ्यासात दिसले, की ऐकण्याची पातळी पूर्ववत झाल्यावरही पेशी आणि मज्जातंतू यांच्यातले अनेक सांधे कायमचे तुटलेले होते. माणसांत हे नेमके किती घडते यावर संशोधन चालू आहे. तक्रार नंतर वेगळ्याच रूपात येते. 'ऐकू येतं, पण गर्दीत बोललेलं कळत नाही,' असे चाळिशीतला वादक सांगतो. स, श, फ ही अक्षरे निसटू लागलेली असतात.

कापसाचा बोळा जवळजवळ निरुपयोगी आहे. औषधाच्या दुकानातला फोमचा प्लग आवाज भरपूर कमी करतो, पण वरच्या पट्टीचा अधिक, त्यामुळे स्नेअर गोधडीखाली वाजल्यासारखा लागतो आणि वादक वैतागून प्लग काढून टाकतो. संगीतकारांसाठी वेगळे प्लग मिळतात. ते सगळ्या पट्ट्यांतला आवाज जवळपास सारखाच उतरवतात. नीट बसलेल्या प्लगने 15 डेसिबल कमी झाले, तर 100 चे 85 होतात आणि पंधरा मिनिटांचे आठ तास. पहिले दोन आठवडे चुकल्यासारखे वाटते, मग सवय होते. सैल बसलेल्या प्लगचा मात्र भरवसा धरू नये.

शाळेच्या बँडमधल्या मुलांकडे विशेष लक्ष हवे. रोजच्या तालमीला रबरी पॅड पुरतो, ड्रम रंगीत तालमीला काढावा. ढोल-ताशा पथकातल्या ताशेवाल्यांनाही हे सगळे तितकेच लागू आहे. जो नियमित वाजवतो त्याने वर्षातून एकदा श्रवण आलेख काढावा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभागात तो निघतो. तपासणीआधी दिवसभर तरी वाजवू नये, नाहीतर आलेखात थकलेला कानच उमटतो. सरावानंतरची गुंई दुसऱ्या दिवशीही राहिली, तर ती थांबेपर्यंत किटपासून लांब राहावे आणि थांबलीच नाही तर कान दाखवावेत. एका कानाचे ऐकू येणे अचानक गेले, तर मात्र मळ असेल म्हणून तेल घालत बसू नये आणि आठवडाभर वाटही पाहू नये. त्यावरचे उपचार पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडतात, म्हणून शक्य तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.