कोकोची चव झाडावर ठरत नाही

कोराडीत मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. इथे कोकोचं रोप लावलं तर ते पहिला उन्हाळाही काढणार नाही. त्याला सावली, दमट हवा आणि वर्षभर ओलावा लागतो. म्हणून भारतात ते केरळ, कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूत आणि थोडंफार आपल्या कोकणात, नारळ-सुपारीच्या बागेत आंतरपीक म्हणून दिसतं. तरी संशोधनाचा प्रश्न कसा मांडावा, हे समजून घ्यायला कोको चांगला आहे. 'उत्तम कोको पिकवा आणि थेट चॉकलेट बनवणाऱ्याला विका' हा सल्ला सोपा वाटतो, पण त्यातला एकेक शब्द तपासावा लागतो.

'उत्तम' म्हणजे काय?

आपला संत्रा घ्या. त्याची गोडी झाडावरच ठरते, तोडल्यावर वाढत नाही. कोकोचं तसं नाही. फळ फोडलं की पांढऱ्या गोड गरात तीस-चाळीस बिया मिळतात. कच्ची बी चावली तर कडू-तुरट लागते, चॉकलेटचा पत्ताच नसतो. ती चव घडायला लागते आंबवताना.

गरासकट बिया लाकडी पेटीत भरून केळीच्या पानांनी झाकतात. आधी यीस्ट गरातल्या साखरेचं अल्कोहोल करतं. मग बिया खालीवर केल्या की हवा आत जाते आणि जिवाणू त्या अल्कोहोलचं ॲसिटिक आम्ल करतात. यात उष्णता निघते, तापमान 45 ते 50 अंशांपर्यंत चढतं. उष्णता आणि आम्लामुळे बीतला अंकुर मरतो, पेशी फुटतात, प्रथिनं आणि साखर यांचे छोटे घटक होतात. पुढे भाजताना त्यांतूनच चॉकलेटचा वास येतो. पाच-सहा दिवसांनी बिया काढून ओलावा 7 टक्क्यांवर येईपर्यंत वाळवतात. चांगल्या वाणामुळे चवीची शक्यता मिळते. ती टिकते की वाया जाते, हे या दिवसांत ठरतं.

तपासणीसाठी 300 बिया उभ्या कापून रंग बघतात. तपकिरी म्हणजे नीट आंबलेली, जांभळी म्हणजे अर्धवट, पाटीसारखी करडी म्हणजे आंबलेलीच नाही. पण यातून दोष कळतात, चव नाही. चव चाखूनच कळते. आपण मोजतो ते आणि आपल्याला हवं ते, या दोन गोष्टी एकच आहेत असं धरून चालू नका.

थेट विक्रीत अडतं कुठे?

बरेच लहान शेतकरी ओल्या बियाच विकतात. पैसे लवकर मिळतात, पुढची जोखीम घेणाऱ्याची. थेट विकायचं तर मधल्या माणसाचं काम शेतकऱ्याकडे येतं: आंबवणं, वाळवणं, निवडणं, साठवणं. वाळवताना पाऊस आला आणि बुरशी धरली, तर नुकसानही त्याचंच.

शिवाय चार-पाच किलोचा ढीग उष्णता धरून ठेवत नाही. केरळ कृषी विद्यापीठाने लहान प्रमाणासाठी टोपलीची पद्धत सुचवली आहे. दुसरा मार्ग एकत्र येण्याचा. 1973 साली स्थापन झालेल्या कॅम्पको या सहकारी संस्थेने 1986 मध्ये पुत्तूरला स्वतःचा चॉकलेट कारखानाच काढला. तिसरा मार्ग हैदराबादच्या मनम चॉकलेटचा: गोदावरी पट्ट्यातल्या शेतकऱ्यांचा माल घेऊन एकाच ठिकाणी आंबवायचा. इथे व्यवहार थेट आहे, पण आंबवण्याचं काम शेतकऱ्याकडे नाही. म्हणजे 'थेट' या एका शब्दाखाली वेगवेगळे व्यवहार येतात.

मग प्रश्न कसा मांडायचा?

'थेट विक्रीने उत्पन्न वाढतं का?' हा प्रश्न फार ढोबळ झाला. साधारण तीन किलो ओल्या बियांतून एक किलो वाळलेल्या मिळतात, त्यामुळे दोन्हींचे किलोचे भाव शेजारी ठेवून उपयोग नाही. मजुरीचे दिवस आणि बिघडलेल्या पेट्याही हिशेबात हव्यात. वर्षही बघा. डिसेंबर 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात कोको टनाला 12,000 डॉलरच्या वर गेला होता. साध्या मालालाच असा भाव असताना आंबवण्याची मेहनत कोण करेल? त्या एकाच हंगामाची माहिती घेतली तर निष्कर्ष चुकू शकतो.

माझ्या मते खरा प्रश्न असा आहे: आंबवण्याची जोखीम कोण घेतं, आणि पेटी बिघडली तर पैसे कोणाचे जातात? प्रस्ताव लिहिताना हे आधी विचारा, भाव नंतर.