बंद वाड्याचं कुलूप उघडा, पाहुणे येताहेत!

पुण्या-मुंबईत वन बीएचकेचा हप्ता भरताय आणि गावाकडे चार खोल्यांचं घर धूळ खात पडलंय? बाळापूरसारख्या गावातलं घरही मस्तपैकी ‘हॉलिडे होम’ होऊ शकतं. फक्त भिंतीला रंग लावण्याआधी थोडं डोकं लावायला हवं!

ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये वीकेण्डचा विषय निघाला की कोकणवाल्यांची कॉलर एकदम ताठ होते. कुणाच्या काकांनी गुहागरला दोन खोल्या काढल्यात, कुणाच्या मावशीकडे दिवाळीचं बुकिंग गणपतीतच फुल्ल होतं. या गप्पांमध्ये अकोला-अमरावतीकडची मंडळी मात्र गुपचूप डबा संपवतात. ‘आमच्याकडे कोण येणार बाप्पा? ना समुद्र, ना बर्फ. ऊन तेवढं आहे, पाहिजे तेवढं घेऊन जा!’

गंमत म्हणजे लोक येतातच आहेत. फक्त ते तुमच्या दारावरून पुढे निघून जातात. त्यांना थांबवायचं कसं, एवढाच प्रश्न आहे. आणि तो लवकर सोडवलेला बरा, कारण बंद घर फार दिवस वाट पाहत नाही. एका पावसाळ्यात छत गळतं, दुसऱ्यात वाळवी लागते आणि तिसऱ्या वर्षी भावकी म्हणते, ‘विकून टाकू.’

पाहुणा कोण, ते आधी ठरवा

बाळापूर अकोल्यापासून साधारण 25 किलोमीटरवर, सुरत-कोलकाता हायवेवर आहे. पूर्वीचा हा नॅशनल हायवे 6, आता 53. याच हायवेच्या अमरावती-अकोला पट्ट्यात 2022च्या जूनमध्ये 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबरीकरण होऊन गिनीज रेकॉर्ड झाला होता, आठवतंय? रेल्वेने यायचं तर अकोला जंक्शन मुंबई-हावडा मार्गावर आहे आणि पारसचं स्टेशन बाळापूरच्या शेजारीच.

मग येणारे कोण? पहिला नंबर अर्थातच शेगावच्या भक्तांचा. गजानन महाराजांचं शेगाव इथून तासाभराच्या आतलं अंतर. माघ वद्य सप्तमीचा प्रकटदिन, रामनवमी आणि ऋषिपंचमीची पुण्यतिथी या दिवसांत शेगावात पाय ठेवायला जागा नसते. त्यातही प्रकटदिनानंतर दोनच दिवसांनी दासनवमी येते. बाळापूरचे बाळकृष्णबुवा रामदासी आणि महाराज यांची गोष्ट भक्तांना पाठ असते. म्हणजे त्यांना बाळापूरला येण्याचं कारण आधीच तयार आहे!

दुसरा गट लोणार सरोवर किंवा नरनाळा-मेळघाट करायला निघालेल्या गाडीवाल्यांचा. तिसरा पारसच्या औष्णिक वीज केंद्रात कामानिमित्त येणाऱ्यांचा. आणि चौथा, सगळ्यात हक्काचा, लग्नसराईतल्या वऱ्हाडाचा.

या चौघांच्या गरजा वेगळ्या. भक्तांच्या कुटुंबात आजी-आजोबा असतात, त्यांना तळमजल्यावरची खोली आणि पहाटेचं गरम पाणी हवं. कामावर आलेल्या इंजिनिअरला टेबल-खुर्ची आणि वाय-फाय हवं. जंगलवाल्याला पहाटे चारला चहा मिळाला की तो खूश. ‘सगळ्यांसाठी सगळं’ करायला गेलात तर कुणालाच धड काही मिळणार नाही. त्यामुळे दोन गट निवडा आणि घर त्यांच्यासाठी सजवा.

गावाची गोष्ट हेच डेकोरेशन

महागडे वॉलपेपर लावण्याआधी तुमच्या गावाकडे जरा पाहुण्याच्या नजरेने बघा. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर उभा असलेला बाळापूरचा किल्ला अचलपूरचा नवाब इस्माईलखान याने 1757 मध्ये पूर्ण केला. एकात एक असे त्याचे दरवाजे आणि उंचच उंच बुरूज पाहून शहरातला माणूस गप्प होतो. नदीकाठची काळ्या दगडाची छत्री मिर्झाराजे जयसिंगांची. होय, पुरंदरच्या तहाचे तेच मिर्झाराजे! आणि 1720च्या ऑगस्टमध्ये निजाम-उल-मुल्कने आलम अलीखानाला हरवलं ती लढाईही बाळापूरचीच. त्यानंतर चारच वर्षांत निजामाने हैदराबादच्या राज्याचा पाया घातला.

हे सगळं शाळेत शिकवल्यासारखं सांगू नका. एका कागदावर हाताने काढलेला साधा नकाशा पुरे. आपलं घर, किल्ला, छत्री, चांगला चहा कुठे, कचोरी कुठे, मेडिकल कुठे, पेट्रोल पंप कुठे. मागच्या बाजूला सूर्यास्त कुठून छान दिसतो ते लिहा. असा नकाशा पाहुणे घरी घेऊन जातात आणि मित्रांना दाखवतात. फुकटची जाहिरात!

उन्हाशी भांडू नका, त्याची सोय करा

अकोल्याचा मे महिना म्हणजे 45 अंशांच्या पुढचा मामला. ते लपवून काही उपयोग नाही, पण वऱ्हाडाला उन्हात राहण्याची कला येते, हे पाहुण्याला दाखवता येतं. खिडकीला वाळ्याची ताटी, त्यावर शिंपडलेलं पाणी आणि खोलीभर पसरलेला तो गारेगार वास! हा अनुभव कुठल्याही फाइव्ह स्टारमध्ये मिळत नाही.

कूलरचा फंडाही क्लिअर हवा. कूलर पाणी उडवून हवेतली उष्णता खातो, म्हणून कोरड्या हवेत तो भन्नाट चालतो. पण समोरची खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर दमट हवा खोलीतच कोंडते. पुण्याचा पाहुणा एसीच्या सवयीने सगळी दारं-खिडक्या लावून घेणार आणि मग तक्रार करणार. तेव्हा कूलरच्या बाजूला दोन ओळींची चिठ्ठी चिकटवा. जुलैनंतर हवा ओली होते, कूलर निरुपयोगी ठरतो. तेव्हा पंखा आणि मच्छरदाणीच कामाची. बजेट असेल तर एकाच खोलीला एसी बसवा आणि ती आजी-आजोबांना द्या. लाइट गेल्यावर पंखा आणि मोबाइल चार्जर चालेल एवढा इन्व्हर्टर मात्र मस्ट!

खरा सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी. थंडी, हिरव्या तुरीच्या शेंगा, शेतातला हुरडा. पहिल्या वर्षी जोर याच चार महिन्यांवर द्या.

पाण्याचं गणित

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा जातो. इथल्या अनेक गावांत जमिनीखालचं पाणी खारट. गावच्या माणसाला सवय असते, पण पाहुणा पहिल्याच घोटाला तोंड वाकडं करतो. तेव्हा बोअरच्या पाण्याची तपासणी करून घ्या. पिण्यासाठी फिल्टरचं किंवा जारचं पाणी, आणि ते ठेवायला मात्र मातीचा माठ! खाऱ्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर आणि कूलरच्या जाळीवर पांढरा थर चढतो. दर सीझनला ते साफ करायचा खर्च आधीच धरून ठेवा.

टाकी मोठी घ्या. सहा पाहुण्यांनी सकाळी एकदम आंघोळीला रांग लावली आणि नळ कोरडा पडला, तर तुमच्या घराची किल्ल्याइतकी जुनी परंपराही तुम्हाला वाचवू शकणार नाही.

स्वच्छतेची स्पर्धा थेट शेगावशी

इथे एक गोष्ट मनाशी पक्की करा. शेगाव संस्थानची भक्तनिवासं कमी पैशांत मिळतात आणि त्यांची स्वच्छता सगळ्या महाराष्ट्रात नावाजलेली आहे. दराच्या बाबतीत तुम्ही त्यांच्याशी स्पर्धा करूच शकत नाही. तुमच्याकडे येणारा माणूस थोडे जास्त पैसे देतो ते निवांतपणासाठी, घरच्या जेवणासाठी. पण स्वच्छतेत तो सूट देणार नाही. उलट तो शेगावचं बाथरूम बघून तुमच्याकडे आलेला असतो!

म्हणून बजेटमधला पहिला पैसा संडास-बाथरूमला. जुन्या वाड्यात न्हाणी परसात असते. रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन तिकडे जायची हौस कुणालाही नसते. निदान एका खोलीला जोडून कमोड, भरपूर उजेड, न घसरणारी फरशी आणि आधाराला एक दांडा एवढं कराच. चादरी पांढऱ्या घ्या, एका पलंगाला तीन सेट. एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात. फुलाफुलांच्या चादरीवर डाग लपतात, हे पाहुण्यालाही ठाऊक असतं.

काय ठेवायचं, काय काढायचं

ओसरीवरची बंगई, आजोबांची बाज, भिंतीतली देवळी, पितळी घंगाळ, रांजण. हे सगळं ठेवा, घासूनपुसून लख्ख करा. अकोट आणि बाळापूर ही गावं एके काळी सुती सतरंज्यांसाठी नावाजलेली होती. घरात जुनी सतरंजी निघालीच तर तिला ट्रंकेतून बाहेर काढा.

आणि काढायचं काय? प्लास्टिकची फुलं, 3 वर्षांपूर्वीचं कॅलेंडर, बंद पडलेला टीव्ही आणि ‘असू दे, कधीतरी लागेल’ म्हणून ठेवलेले डबे. घरच्यांचं सामान एका खोलीत घालून कुलूप लावा. पाहुण्याने कपाट उघडलं आणि आत तुमच्या आत्याच्या साड्या दिसल्या की त्याला आपण दुसऱ्याच्या घरात घुसल्यासारखं वाटतं.

बाकी छोट्या गोष्टी: उशाशी प्लग पॉइंट, दारामागे खुंट्या, हातभर आरसा, बॅग ठेवायला स्टूल. खर्च किरकोळ, पण चांगला रिव्ह्यू याच गोष्टींवर मिळतो.

पनीर बटर मसाला? प्लीज नको!

तो हायवेच्या प्रत्येक ढाब्यावर मिळतो. तुमच्याकडे ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा, वांग्याचं भरीत, पाटवडी रस्सा, रोडगे, नाश्त्याला सांभारवडी असायला हवी. मुंबईच्या पाहुण्याला आधीच सांगून टाका की इथे सांभार म्हणजे कोथिंबीर, इडलीसोबतचं सांबार नव्हे! तिखटाचं मात्र आधी विचारा. वऱ्हाडी ‘मिडीयम’ म्हणजे इतरांच्या डोळ्यांतून पाणी. मेनू दोन-तीनच ठेवा, ऑर्डर आदल्या रात्री घ्या. अन्न वाया जात नाही आणि करणारीचा जीवही मेटाकुटीला येत नाही.

फोटो खरे, शब्दही खरे

2009 मध्ये ‘एअरबीएनबी’ अगदी नवी होती आणि धंदा काही केल्या वाढत नव्हता. तेव्हा कंपनीचे संस्थापक न्यूयॉर्कला गेले, यजमानांच्या दारोदार फिरले आणि चांगल्या कॅमेऱ्याने घरांचे फोटो काढले. काही दिवसांत तिथली कमाई दुप्पट झाली. धडा साधा आहे. सकाळच्या उजेडात, पडदे उघडून, पलंग नीट लावून फोटो काढा. बाथरूमचा फोटो हवाच हवा. तो नसला की लोक काय समजायचं ते समजतात!

आणि खोटं लिहू नका. घर बाजारपेठेत असेल, पहाटे गाड्यांचा आवाज येत असेल, जिना उंच असेल, तर तसं लिहा. आधी सांगितलेली अडचण पाहुणा हसत सोसतो. लपवलेली अडचण मात्र एका स्टारवर जाऊन थांबते.

कागद आणि माणूस

आता जरा सीरियस. घर सातजणांच्या नावावर असेल तर सातहीजणांची लेखी संमती आधी घ्या. पहिला पाहुणा आल्यावर भांडणं सुरू झाली तर धंदाही जातो आणि नातंही. पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदणी करता येते. घर शेतात असेल तर राज्याचं 2020चं कृषी पर्यटन धोरण बघा. प्रत्येक पाहुण्याचं ओळखपत्र आणि नोंदवही ठेवा. परदेशी पाहुणा आला तर 24 तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिथे राहणारं माणूस. तुम्ही हिंजवडीतून व्हॉट्सअॅपवर घर चालवू शकत नाही. शेजारच्या काकूंनी ‘या न जी, बसा, च्या घ्या’ म्हटलं की अर्धं काम झालं. पण काकूंच्या चांगुलपणावर धंदा करू नका. त्यांना ठरलेला पगार आणि प्रत्येक जेवणाचे वेगळे पैसे द्या.

समजा, एका खोलीचं भाडं रात्रीला 1,500 रुपये आणि महिन्यात 8 रात्री गेल्या. हातात 12,000. त्यातून काकूंचे 4,000, धुलाई-वीज-पाणी 2,500, प्लॅटफॉर्मचं कमिशन आणि किरकोळ दुरुस्ती मिळून 2,500. उरले 3,000. बॉस, यात शहरातल्या फ्लॅटचा हप्ता निघणार नाही! पण वर्षाला 36,000 म्हणजे पावसाळ्याआधी छताची डागडुजी, एका भिंतीचा गिलावा आणि घरपट्टी. म्हणजे घर स्वतःचा खर्च स्वतः भागवायला लागतं.

भावकीच्या बैठकीत ‘विकून टाकू’ला उत्तर म्हणून हा कागद ठेवा. पहिल्या वर्षी सगळा वाडा नको, एकच खोली आणि एकच बाथरूम करा. पहिले पाहुणे म्हणून आपलेच मित्र बोलवा, त्यांच्याकडून पूर्ण पैसे घ्या आणि निघताना फक्त एवढंच विचारा की काय खटकलं? ‘सगळं छान होतं’ म्हणणाऱ्याला गाडीत बसू देऊ नका!