लिलावाची चिठ्ठी : काढावी कीं ठेवावी ?

गेल्या गणेशोत्सवांत आमच्या घरीं एक लहानसा वाद उपस्थित झाला. माझा पुतण्या नोकरीनिमित्त विलायतेंत असतो. तो सुट्टी काढून चौलास आला, तेव्हां त्यानें देवापुढें एक टणक, पारदर्शक डबी आणून ठेविली. पत्त्याच्या पानाएवढी ती डबी. मध्यभागीं तांब्याचें एक नाणें. वरच्या अंगास छापील पट्टी व तिजवर कांहीं अंक. आणि नाण्याचा एक काठ झांकून बसलेली वाटोळी, पांढरी, चिकट चिठ्ठी. चिठ्ठीवर तीनआंकडी संख्येवांचून दुसरें कांहीं नव्हतें. नाणें म्हणजे आपली शिवराई. ज्या छत्रपतींची राजधानी आमच्याच जिल्ह्यांत, त्यांच्या नांवाचा पैसा केव्हां तरी समुद्र ओलांडून गेला, तिकडच्या एका लिलावांत विकला गेला आणि फिरून आमच्या माजघरांत आला, याचें सर्वांनाच मोठें कौतुक वाटलें.

वाद निघाला तो त्या चिठ्ठीवरून. सूनबाई म्हणाली, “काका, आहेराची साडी देतांना आपण किंमतीचा कागद काढूनच देतों ना? मग देवापुढें ठेवावयाच्या वस्तूवर ही बाजाराची खूण कशाला?” आणि तिनें चिठ्ठीच्या कडेला नख लावलेंहि. मी एकदम “थांब, थांब” म्हणून ओरडलों. एवढ्याशा कागदासाठीं काकांनीं आवाज चढवावा, याचा तिला अचंबा वाटला असल्यास नवल नाहीं.

प्रथम ही डबी काय आहे तें सांगितलें पाहिजे. नाणें अस्सल कीं नक्कल आणि अस्सल असल्यास त्याची स्थिति कशी, हें त्रयस्थानें ठरवून द्यावें, या हेतूनें अमेरिकेंत १९८६ सालीं पीसीजीएस व १९८७ सालीं एनजीसी अशा दोन संस्था निघाल्या. नाणें त्यांच्याकडे पाठविलें म्हणजे त्यांचे पारखी तें तपासतात, १ पासून ७० पर्यंत गुण देतात आणि प्लॅस्टिकच्या दोन अर्धुकांमध्यें बसवून ध्वनिकंपनांच्या योगानें डबी सांधून टाकतात. एकदां सांधलेली डबी फोडल्याशिवाय उघडत नाहीं. गुणांची ही सत्तरी विल्यम शेल्डन या अमेरिकन गृहस्थाची. त्यानें १९४९ सालीं आपल्या देशाच्या जुन्या तांब्याच्या सेंटांवर एक ग्रंथ लिहिला, त्यांत ती प्रथम आली. १ गुणाच्या नाण्याची जी किंमत, तिच्या सत्तरपट ७० गुणांच्या नाण्याची, असा त्याचा सरळ हिशेब होता. तो हिशेब बाजारानें केव्हांच मोडला. अंक मात्र राहिले. आमच्या शिवराईला ३० गुण मिळाले आहेत. शाळेंत एवढ्या गुणांवर मुलगा नापास झाला असता, परंतु शेंकडों हातांतून फिरलेल्या पैशाला हे गुण मानाचेच म्हटले पाहिजेत.

पट्टीवर संस्थेचा क्रमांक असतो, आणि त्यावरून नाणें पडताळून पाहतां येतें. परंतु तें कोणाच्या संग्रहांतून आलें, कोणत्या लिलावांत कोणत्या दिवशीं विकलें गेलें, हें पट्टी बहुधा सांगत नाहीं. एखाद्या नामांकित संग्राहकाचें नांव कधीं कधीं तीवर छापतात. आपल्यासारख्यांच्या नाण्यांना तो मान कोठला! लिलाववाले आपल्या सूचीप्रमाणें जी आंकड्याची चिठ्ठी वर चिकटवितात, तिचा उपयोग येथें होतो. आंकड्यावरून सूचीचें पान सांपडतें, पानावर नाण्याचें छायाचित्र व वर्णन असतें, आणि दैव अनुकूल असल्यास पूर्वीच्या मालकाचा उल्लेखहि असतो. कुलवृत्तांत तयार करणारांना ठाऊक आहे कीं, अमक्याचा मुलगा तमका ही एक ओळ हरवली तर वरच्या पांच पिढ्या अधांतरीं लोंबकळतात.

शिवराईच्या बाबतींत ही गोष्ट अधिकच लागू पडते. १६७४ सालीं रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हांपासून सोन्याचा होन व तांब्याची शिवराई हीं महाराजांचीं नाणीं. एका बाजूस बिंदूंच्या वर्तुळांत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’, एवढाच लेख. टांकसाळीचें नांव नाहीं, आणि सामान्यतः सालहि नाहीं. बरें, महाराजांच्या मागें हा लेख बंद पडला म्हणावें, तर तसेंहि नाहीं. पुढें पेशवाईच्या अमदानींतहि त्याच अक्षरांच्या शिवराया पडत राहिल्या. ‘दुदांडी’ म्हणून ज्या ओळखल्या जातात त्या तर पेशवाईच्या उत्तरकाळांतल्या. एकोणिसाव्या शतकांत इंग्रजी पैसा आल्यावरहि शिवराई बाजारांतून लगेच गेली नाहीं. तेव्हां हातांतली शिवराई रायगडाच्या काळची कीं शंभर-सव्वाशें वर्षांनंतरची, हें अक्षरांचें वळण, वजन व जाडी यांवरूनच ताडावें लागतें. आणि अभ्यासकाला त्यांच्या जोडीला मोठा आधार असतो तो ती कोठें, कशाबरोबर सांपडली या माहितीचा. होनाचें तर विचारूंच नये. पावणेतीन ग्रॅमच्या आसपास वजनाचें हें इवलेंसें नाणें इतकें दुर्मिळ, आणि त्याच्या नकला इतक्या मुबलक, कीं पूर्ववृत्तांतावांचून आलेल्या होनाकडे जाणते लोक संशयानेंच पाहतात.

हें शहाणपण मला पुस्तकांतून आलेलें नाहीं. मी दहा वर्षांचा असेन. आमच्या आजोबांपाशीं एका पत्र्याच्या डब्यांत अकरा शिवराया होत्या. प्रत्येक निराळ्या कागदाच्या पुडींत, आणि पुडीवर त्यांच्या हातचा मोडी मजकूर. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं ताटांत ठेवावयास नाणीं लखलखीत असावींत म्हणून मीं सकाळींच तीं सर्व बाहेर काढलीं, चिंच व मीठ लावून घांसलीं, आणि कळकट पुड्या न्हाणीघरांतल्या बंबांत टाकल्या. तांबें सोन्यासारखें चमकूं लागलें. मला वाटलें, आतां शाबासकी मिळणार. आजोबा रागावले नाहींत. संध्याकाळीं पूजा आटोपल्यावर ते समईजवळ बसून एकेक नाणें हातांत घेऊं लागले व तें कोठलें याची आठवण करूं लागले. अकरांपैकीं चारांचीं ठिकाणें त्यांना सांगतां आलीं. बाकीच्या सातांविषयीं त्यांनीं अंदाजहि केला नाहीं. ‘खोटें लिहून ठेवण्यापेक्षां कोरें बरें,’ एवढेंच म्हणाले. एक पुडी ओलसर होऊन डब्याच्या तळाशीं चिकटली होती, तेवढी वांचली. तीवर ‘चौल, वाडींतील विहीर उपसतांना’ एवढा मजकूर आहे. (१८७८ च्या कायद्याप्रमाणें जमिनींत सांपडलेलें दहा रुपयांहून अधिक किंमतीचें धन कलेक्टरास कळवावें लागतें, आजोबांच्या काळीं शिवराईची किंमत त्याच्या जवळपासहि नव्हती, तेव्हां त्यांच्या अंगाला कांहीं लागत नाहीं!) चिंचेनें तांब्याचा जुना तपकिरी वर्ण गेला तो गेलाच. आज त्या शिवराया पारख्यांकडे पाठविल्या, तर ‘घांसलेलें’ असा शेरा मिळेल, गुण मिळणार नाहींत. पण त्याचें मला फारसें वाटत नाहीं. त्या सात पुड्यांचें वाटतें.

कागदाच्या कपट्यावर केवढें ओझें असूं शकतें, याचें जगांतलें ठळक उदाहरण अमेरिकेच्या १९३३ सालच्या वीस डॉलरच्या सुवर्णनाण्याचें आहे. सोन्याचें चलन बंद झाल्यामुळें तीं नाणीं बाजारांत आलींच नाहींत, बहुतेक वितळविलीं गेलीं. थोडीं मात्र टांकसाळींतून बाहेर निसटलीं. त्यांतलें एक ईजिप्तचा राजा फरूक याच्यासाठीं घेण्यांत आलें, आणि तें देशाबाहेर नेण्याचा परवाना १९४४ सालीं अमेरिकन सरकारच्याच कचेरीनें देऊन टाकला. राजा पदच्युत झाल्यावर १९५४ सालीं कैरो येथें त्याच्या संग्रहाचा लिलाव झाला. हें नाणें विक्रींतून काढून घेतलें गेलें व पुढें दिसेनासें झालें. १९९६ सालीं न्यूयॉर्क येथें तेंच म्हणून एक नाणें पकडलें गेलें. तेव्हां सरकाराला तडजोड करणें भाग पडलें तें मुख्यतः त्या जुन्या परवान्यामुळें, आणि २००२ सालीं तें ७५ लाख डॉलरांहून अधिक किंमतीस विकलें गेलें. त्याच सालचीं, त्याच ठशाचीं आणखी दहा नाणीं पुढें एका कुटुंबाच्या तिजोरींतून निघालीं. त्यांच्यापाशीं असा कागद नव्हता; २०११ सालीं न्यायालयांत तीं सरकारचीं ठरलीं.

आतां सूनबाईची बाजू. ती अगदींच पोकळ नाहीं. चिठ्ठी नाण्यावर आली तर ज्याच्यासाठीं हा सारा खटाटोप, तें नाणेंच दिसत नाहीं. आमच्या किनाऱ्यावर वैशाखांत चिठ्ठीचा गोंद पाझरतो, धूळ धरतो आणि पावसाळ्यांत त्यावर बुरशी चढते. शिवाय चिठ्ठी हा कांहीं स्वयंसिद्ध पुरावा नव्हे. एका डबीवरची काढून दुसरीवर लावणें हा क्षणाचा खेळ आहे. सूचींतल्या छायाचित्राशीं नाणें जुळेल तरच तिला अर्थ. पण चिठ्ठ्या काढणारांत एक निराळा वर्गहि असतो, त्याची ओळख असलेली बरी. गेल्याच महिन्यांत लिलावांत कोणीं घेतलें नाहीं, किंवा स्वस्तांत गेलें, हें पुढच्या गिऱ्हाइकाला कळूं नये म्हणून कांहीं व्यापारी ती खरडून टाकतात. म्हणून कोऱ्या करकरीत डबीपेक्षां चिठ्ठी असलेली डबी मला बरी वाटते.

दुसरेंहि एक कारण आहे. १९७२ च्या पुरावस्तु कायद्याप्रमाणें शंभर वर्षांहून जुनें नाणें परवानगीवांचून हिंदुस्थानाबाहेर नेतां येत नाहीं. पुतण्यानें नाणें प्रेमानें घरीं आणलें, पण आतां तें सहज परत नेणें त्यालाहि शक्य नाहीं. म्हणजे तें इकडेच राहणार, आणि आमच्या मागून घरांतल्या मुलांच्या हातीं जाणार. तें कोठून, कसें आलें, असें उद्यां कोणीं विचारलें, तर मुलांनीं दाखवावें काय? लिलावाची पावती, सूचीचें पान व ही चिठ्ठी, एवढीच त्यांची शिदोरी.

तेव्हां माझें मत असें झालें आहे : चिठ्ठी डबीच्या कडेला असून नाणें व क्रमांक झांकीत नसेल, तर तिला हात लावूं नये. नाण्यावर किंवा क्रमांकावर आली असेल, अथवा गोंद सुटूं लागला असेल, तर काढावी. परंतु टाकूं नये. आमची चिठ्ठी ‘श्री’च्या अर्ध्यावर बसली होती, म्हणून ती काढावयाची ठरली, आणि सूनबाईचें व माझें तेथपर्यंत तरी एकमत झालें. चिठ्ठी काढल्यावर ती घरांत कशाला सांभाळावयाची, हें तिला अद्यापि पटलेलें नाहीं.

काढण्याच्या कृतींत घाई कामाची नाहीं. आधीं दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें, चिठ्ठीसकट, घेऊन ठेवावींत. नखें रंगविण्याचा रंग काढण्याचें द्रव्य, थिनर, पेट्रोल यांपैकीं कांहींहि लावूं नये; त्यांनीं प्लॅस्टिक धुरकट होतें, आणि मग नाणें कायमचेंच धुक्यांत. सुरीपात्याचे ओरखडेहि निघत नाहींत. आम्हीं प्रथम एका रिकाम्या प्लॅस्टिकच्या डब्यावर प्रयोग केला. नंतर डबी सपाट ठेवून चिठ्ठीच्या कडेला बोटानें किंचित् खोबरेल लावलें आणि अर्धा तास तशीच ठेविली. मग ती नखानें अलगद सुटली, व राहिलेला चिकटा मऊ मलमलीनें टिपून घेतला. तेल अगदीं थेंबभर असावें. डबी सांधलेली असली तरी ती हवाबंद किंवा जलरोधक नसते. सांध्यांतून तेल आंत शिरलें तर बाहेर काढावयाचें कसें? याच कारणानें समुद्रकांठच्या घरांत असल्या डब्या न्हाणीजवळच्या कोनाड्यांत ठेवूं नयेत. खाऱ्या दमट हवेनें तांब्यावर हिरवी भुकटी धरते, ती डबीच्या आंतहि धरूं शकते.

पुतण्या परत जावयाच्या आदल्या दिवशीं आम्हीं दोन जाड कार्डें कापलीं. एकावर ती वाटोळी चिठ्ठी चिकटविली आणि खालीं लिलावाचें नांव, तारीख, आंकडा व डबीचा क्रमांक शिसपेनीनें लिहिला. दुसऱ्यावर आजोबांची वांचलेली पुडी उलगडून ठेविली. मोडी वाचणारें आतां घरांत कोणी उरलेलें नाहीं, म्हणून तिच्याखालीं सूनबाईनें बालबोधींत ‘चौल, वाडींतील विहीर उपसतांना’ असें लिहिलें, आणि मला विचारलें, “काका, विहीर कुठली, आपली कीं शेजारची?” तें मला सांगतां आलें नाहीं. तेवढी जागा तिनें कोरी ठेविली.