भिंत गुण्यात आणणाऱ्या बायका

अमेरिकेतल्या लाकडी घराची भिंत आधी जमिनीवर आडवी तयार होते. पायाच्या काँक्रीटवर दोन लांब पट्ट्या समोरासमोर मांडायच्या, त्यांच्यामध्ये दर १६ इंचांवर एक वासा ठोकायचा आणि मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण टेपने मोजायचे. कर्ण सारखे भरले की भिंत गुण्यात, म्हणजे काटकोनात, आली. मग आठ-दहा जणी शेजारी-शेजारी वाकतात, गटप्रमुख एक-दोन-तीन म्हणते आणि भिंत उभी राहते. एक जण लेव्हल लावून ती ओळंब्यात आहे का ते पाहते, दुसरी तिरका टेकू ठोकते. यांतल्या कितीतरी जणींनी त्या सकाळपर्यंत हातोडा धरला असेल तो फार तर कॅलेंडर टांगण्यासाठी.

‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या संस्थेच्या ‘विमेन बिल्ड’ उपक्रमातलं हे नेहमीचं काम. मिलर्ड आणि लिंडा फुलर या दांपत्याने १९७६ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या अमेरिकस गावी ही संस्था सुरू केली. घर फुकट द्यायचं नाही आणि त्यावर नफाही घ्यायचा नाही, ही तिची मूळ धारणा. स्वयंसेवक राबल्यामुळे खर्च खाली येतो. घर मिळणारं कुटुंब परवडेल असा हप्ता भरतं आणि त्या पैशातून पुढची घरं उभी राहतात. शिवाय त्या कुटुंबाने आपल्या आणि इतरांच्या घरांवर ठरावीक तास अंगमेहनत करायची असते. भांडवलात पैशाइतकाच घामाचाही वाटा धरलेला आहे. १९८४ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर आणि रोझलिन कार्टर न्यूयॉर्कमध्ये हत्यारं घेऊन कामाला लागले, तेव्हापासून संस्थेचं नाव जगभर झालं.

स्वयंसेवकांत बायका पहिल्यापासून होत्या. पण मिश्र गटात एक गोष्ट हटकून घडते. बाईचा पहिला खिळा वाकला की शेजारचा माणूस मदतीच्या भावनेने पुढे होतो आणि हातोडा आपल्याकडे घेतो. त्याचा हेतू चांगला असतो, पण तिचं शिकणं तिथेच थांबतं. मग तिच्याकडे रंगाचा ब्रश येतो, झाडू येतो किंवा दुपारच्या जेवणाची व्यवस्था येते. १९९१ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट शहरात बायकांच्या गटाने एक पूर्ण घर बांधून हा शिरस्ता मोडला. पुढे या कामाला ‘विमेन बिल्ड’ असं रीतसर रूप आलं. २००८ पासून ‘लोज’ या बांधकाम-साहित्याच्या दुकानसाखळीच्या मदतीने देशभर खास सप्ताह सुरू झाला आणि कामावर येण्याआधी बायकांना हत्यारांची ओळख करून देणारे वर्ग दुकानांतच भरू लागले. या कामावर पुरुषांना बंदी नाही. बाईच्या हातातलं हत्यार कुणी काढून घ्यायचं नाही, एवढीच शिस्त आहे.

शिकवणीची सुरुवात हातोड्याच्या मुठीपासून होते. नवखी बाई हातोडा त्याच्या डोक्याजवळ धरते, त्यामुळे जोर सगळा मनगटावर येतो. मूठ दांड्याच्या टोकाशी न्यायची, दोन हलक्या ठोक्यांनी खिळा उभा करायचा आणि मग कोपरातून हात सोडायचा, म्हणजे हातोड्याचं वजनच काम करतं. वाकलेला खिळा उपसताना हातोड्याखाली लाकडाचा तुकडा ठेवला की तरफ मिळते. दुसरा धडा मापाचा. ‘टू बाय फोर’ म्हणून विकला जाणारा वासा प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंचांचा असतो. नावावर विसंबून हिशेब केला तर भिंत चुकते. आणि वासे १६ इंचांवरच का? प्लायवूडचा किंवा जिप्समचा तक्ता ४ बाय ८ फुटांचा असतो. ४८ आणि ९६ या दोन्ही आकड्यांना १६ ने पूर्ण भाग जातो, म्हणून तक्त्याची प्रत्येक उभी कड नेमकी वाशावर येते आणि तिथे खिळा बसतो. हे एकदा उमगलं की घर म्हणजे कुणा मिस्त्रीचं गूढ राहत नाही, त्याचा हिशेब मांडता येतो.

एका शनिवारात कोणी सुतार होत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. विजेचं आणि नळाचं काम परवानाधारक कारागीरच करतात आणि सरावलेल्या टोळीपेक्षा स्वयंसेवकांना वेळ जास्त लागतो. अमेरिकेच्या बांधकाम क्षेत्रात बायका साधारण दहात एक आहेत आणि त्यांतल्याही बऱ्याच कार्यालयांत. असे उपक्रम हे चित्र एकट्याने पालटणार नाहीत. पण ज्या पुन्हा पुन्हा येतात त्यांतल्या काही जणी गटप्रमुख होतात आणि पुढच्या नवखीच्या हाती हातोडा देतात.

आपल्याकडे पाहावं तर चित्र उलटं दिसतं, पण दुखणं तेच आहे. महाराष्ट्रात बाई बांधकामावर नाही असं कधी झालेलंच नाही. वाळू-खडीची घमेली डोक्यावरून वाहत ती मजले चढते. मात्र थापी आणि ओळंबा मिस्त्रीच्या हातात राहतात आणि ती वर्षानुवर्षं बिगारीच राहते. तिथे बाई कामावर क्वचितच दिसते, इथे ती कामावर असून हत्यार तिच्याकडे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर यात एक फट पडली. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ संस्थेने लातूर-उस्मानाबादच्या गावांतल्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती का ढासळल्या आणि घर भूकंपात टिकायचं तर काय करावं लागतं, हे त्या शिकल्या आणि घरोघर समजावू लागल्या. २००६ मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला कार्टर दांपत्याच्या उपस्थितीत हॅबिटॅटच्या शंभर घरांचं काम झालं, तेव्हा देशोदेशींचे स्त्री-पुरुष स्वयंसेवक आपल्या मातीत राबले. घमेलं वाहणाऱ्या हातांना थापी पेलते, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. ती थापी त्यांच्या हाती देण्याचं कुणीतरी ठरवायला हवं.

विमेन बिल्डच्या कामावर जिप्समचे तक्ते चढण्याआधी बायका उघड्या वाशांवर घरमालकिणीसाठी चार शब्द लिहितात. तक्ते लागले की ते शब्द भिंतीत झाकले जातात. पुढे कधीतरी घरमालकिणीला फळी टांगायची असते. ती एका वाशाची जागा शोधते, तिथून १६ इंच मोजते आणि खिळा ठोकते. कुठे लाकूड आहे आणि कुठे पोकळी, हे तिला कुणाला विचारावं लागत नाही. भिंत आडवी असताना टेपचं एक टोक तिनेच धरलेलं असतं.