सोमनाथच्या छावणीतला पहिला घास

मे महिना लागला की शेतकऱ्याच्या घरी कामाची रांग लागते. बांधीत शेणखत टाकायचे, धुरे बांधायचे, कवेलू फेरायचे, सरपण भरून ठेवायचे. अशात बारावीची परीक्षा दिलेला पोरगा म्हणतो, "बाबा, मी सोमनाथले चाल्लो. आठ दिवसाची श्रमसंस्कार छावणी हाये." यावर तुम्ही काय म्हणणार, ते सांगायला नको. "खोदाचंच हाये त घरी खोद ना बाप्पा! आपल्या वावरात माती कमी हाये का?"

प्रश्न चुकीचा नाही. शहरातल्या पोरांना फावड्याची नवलाई असते, आपल्या पोरांना काय त्याचे?

सोमनाथ आपल्याच जिल्ह्यात, मूल तालुक्यात मारोड्याजवळ आहे. बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्याला आनंदवनाची सुरुवात केली. पुढे १९६७ साली सोमनाथचा प्रकल्प उभा राहिला. इथली जंगलातली पडीक जमीन कुष्ठरोगातून बरे झालेल्या माणसांनी कसली, पाणी अडवले, धान पिकवले. बोटे झडलेल्या हातांनी, हे विसरू नका. त्याच जागी साधारण १५ ते २२ मे या काळात तरुणांची छावणी भरत आली आहे. बाबा २००८ साली गेले, पण छावणीची रीत त्यांच्यामागेही चालू राहिली.

पहिला दिवस म्हटला तर साधाच. उजाडण्याआधी उठायचे, कारण आपल्या जिल्ह्यातले मे महिन्याचे ऊन तुम्हाला ठाऊक आहे. दहा वाजल्यानंतर टिकास उचलवत नाही. मग रांग लावून घमेली हातोहात द्यायची. शेजारी पुण्या-मुंबईचे पोरगे असते, कुणा डॉक्टरची पोरगी असते. त्यांच्या तळव्याला तासाभरात फोड येतात. आपला पोट्टा मात्र इथे उस्ताद ठरतो. टिकास कसे धरावे, कंबर कशी राखावी, हे तोच त्यांना दाखवतो. शाळेत मागच्या बाकावर बसणाऱ्या पोराला कुणी असे विचारण्याची ही बहुधा पहिलीच वेळ. घरच्या धुऱ्यावर हे मिळत नाही. तिथे मिळते ती फक्त बोलणी!

पण पहिल्या दिवसाची खरी परीक्षा मातीत नाही, पंगतीत आहे. ताटातला भात पिकवणारी माणसे तिथेच वावरत असतात. कुणाची बोटे आखडलेली, कुणाच्या पायाला घडण राहिलेली नाही. निघताना घरच्या आजीने कानात सांगितलेले असते, "तेथचं काही खाजो नको." पोरगा घास हातात घेऊन थबकतो. शहरातलेही थबकतात, फक्त दाखवत नाहीत.

वाचकहो, या थबकण्याला आता काहीही आधार नाही. हा रोग जंतूमुळे होतो, हे हॅन्सन यांनी १८७३ सालीच दाखवले. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. सहा ते बारा महिने गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. उपचार सुरू झाले की थोड्याच दिवसांत रुग्णापासून लागण होण्याची भीती उरत नाही. वाकडी बोटे ही जुन्या रोगाची खूण, रोग नव्हे. तरी आपल्या कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून २०१९ सालापर्यंत शाबूत होते! कायद्यालाच एवढा वेळ लागला, तर आजीला काय बोल लावायचा?

म्हणून पोराला पाठवायचे तर हे आधी घरी बोला, आजीला बसवून बोला. नाहीतर तो तिथे जेवेल आणि घरी आल्यावर लपवेल. मग आठ दिवसांच्या घामाचा उपयोग काय?

बाकी तयारी फार नाही. प्रवेश कसा मिळतो, ते वरोऱ्याला आनंदवनात आधीच विचारून घ्या. चंद्रपूरहून मूल सुमारे ४५ किलोमीटर. पिशवीत दोन जोडी जुने कपडे, डोक्याला बांधायला दुपट्टा आणि पाण्याची बाटली असू द्या. आजीने खिशात कांदा घातलाच तर राहू द्या. आणि धुऱ्यांचे म्हणाल, तर रोवणीला तेव्हा महिना-दीड महिना अवकाश असतो.