न सोडवलेले सूत्र: आर भाषेतील एक्स्प्रेशनची हाताळणी

संख्याशास्त्रीय कामासाठी वापरल्या जाणाऱ्या आर या संगणकभाषेचे एक वैशिष्ट्य असे, की तिला दिलेले सूत्र ती लगेच सोडवलेच पाहिजे असे नसते. सूत्र जसे लिहिले तसे, न सोडवता, एखाद्या वस्तूप्रमाणे जपून ठेवता येते, उघडून पाहता येते, त्याचा एखादा भाग बदलता येतो आणि मग हवे तेव्हा ते सोडवायला देता येते. शाळेच्या पुस्तकात जिला बैजिक राशी म्हणतात तिच्याशी मिळत्याजुळत्या या वस्तूला प्रोग्रॅमर मंडळी एक्स्प्रेशन म्हणतात. क^२ + ३*क असे आरला नुसते लिहून दिले, तर ती प्रथम क ची किंमत शोधते आणि ती नसेल तर तक्रार करते. पण हेच ‘कोट’ नावाच्या फंक्शनमध्ये गुंडाळून दिले, तर ती किमतीच्या वाटेला जात नाही आणि सूत्रच उत्तर म्हणून परत करते. (येथे चल आणि अंक वाचकांच्या सोयीसाठी देवनागरीत दिले आहेत.)

हे परत आलेले सूत्र अक्षरांची ओळ नसते. त्याची यादी करून पाहिली, तर तीन घटक हाती लागतात: पहिला + हे चिन्ह, दुसरा क^२ आणि तिसरा ३*क. दुसरा घटक पुन्हा उघडला, तर त्यातही आधी ^ हे चिन्ह, मग क आणि मग २ असा क्रम दिसतो. म्हणजे कागदावर मध्ये लिहिलेली क्रिया यंत्राच्या आत नेहमी अग्रस्थानी असते, आणि ती ज्यांच्यावर चालायची ते तिच्यामागून येतात. अशा यादीला आरमध्ये ‘कॉल’ म्हणतात. कितीही लांबलचक सूत्र घेतले, तरी उघडत गेल्यावर शेवटी स्थिर संख्या, चलाचे नाव आणि कॉल या तीनच प्रकारच्या गोष्टी उरतात, हे एकदा पाहिलेल्या अभ्यासकाची भाषेविषयीची भीती बरीच ओसरते. ऋण चिन्ह लावलेल्या २ चा वर्ग, म्हणजे -२^२, आरमध्ये उणे ४ का येतो, हा नवख्यांना पडणारा प्रश्नही असाच सुटतो: कॉल उघडला की सर्वांत वर उणे चिन्ह आणि त्याच्या पोटात वर्ग दिसतो, म्हणजेच वर्ग आधी होतो आणि उणे नंतर लागते.

ही रचना लिस्प या भाषेकडून आली. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये या भाषेची आखणी सुरू केली आणि १९६० मध्ये तिच्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. प्रोग्रॅम आणि त्यातील माहिती या दोहोंना यादीचे एकच रूप द्यायचे, ही तिची मुख्य कल्पना. लिस्पची यादी म्हणजे जोड्यांची साखळी असते. प्रत्येक जोडीच्या पहिल्या अर्ध्यात वस्तू असते आणि दुसऱ्या अर्ध्यात पुढच्या जोडीचा पत्ता. ठाणे स्थानकात उभ्या असलेल्या लोकलच्या प्रत्येक डब्याला पुढचा डबा कपलिंगने जोडलेला असतो, तशी ही जुळणी असते आणि शेवटच्या जोडीत पुढे काही नाही अशी खूण असते. पहिल्या अर्ध्याला ‘कार’ आणि दुसऱ्याला ‘कुडर’ ही नावे आयबीएम ७०४ या जुन्या यंत्राच्या रजिस्टरांवरून पडली, आणि यंत्र केव्हाच निकालात निघाले तरी नावे टिकून राहिली.

न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आरची उभारणी केली, तेव्हा त्यांच्यासमोर दोन नमुने होते. बेल लॅबोरेटरीजमध्ये जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ पासून घडवलेली एस ही संख्याशास्त्राची भाषा हा एक, आणि लिस्पच्या घराण्यातील स्कीम ही भाषा हा दुसरा. बाह्यरूप एसचे आणि आतील यंत्रणा स्कीमच्या वळणाची, असा हा संयोग होता. १९९६ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी आरची १.० ही आवृत्ती आली. आजही आरच्या सी भाषेतील मूळ संहितेत कार आणि कुडर ही नावे जागोजागी आढळतात. मात्र एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. वापरणाऱ्याला आरमध्ये ‘लिस्ट’ म्हणून जी वस्तू मिळते ती अशी साखळी नसते, ती एका रांगेत मांडलेल्या कप्प्यांची असते. जोड्यांची खरी साखळी कॉलच्या आणि फंक्शनच्या आदानांच्या पोटात राहते, आणि वापरणाऱ्याने कॉलची लिस्ट मागितली की आर त्या साखळीतील घटक कप्प्यांत उतरवून देते.

सूत्र न सोडवता मांडायचे आणि नियमांनी त्याचे रूप बदलत न्यायचे, ही रीत महाराष्ट्राच्या भूमीला अपरिचित नाही. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांच्या बीजगणितात अज्ञात राशीसाठी ‘या’, त्यापुढच्या अज्ञातांसाठी ‘का’, ‘नी’, ‘पी’, शुद्ध संख्येसाठी ‘रू’, वर्गासाठी ‘व’ आणि घनासाठी ‘घ’ अशी अक्षरे योजली जात. राशीचे नाव आधी आणि तिचा सहगुणक नंतर लिहिला जाई, आणि ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब दिले जाई. क^२ + ३*क हे सूत्र त्या पद्धतीत ‘याव १ या ३’ असे होईल. समीकरणाच्या दोन बाजू एकीखाली एक, सजातीय पदे एकमेकांखाली येतील अशा ठेवल्या, की अज्ञाताची किंमत माहीत नसतानाही शोधन करता येते. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी १२०७ मध्ये त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख आहे, आणि १८६५ मध्ये भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. आरच्या रचनेचा या परंपरेशी वंशाचा काही संबंध नाही. परंतु मराठी विद्यार्थ्याला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही, एवढे यातून निश्चित म्हणता येते.

एक्स्प्रेशनचा संख्याशास्त्रातील सर्वांत मोठा उपयोग समाश्रयणाच्या सूत्रात होतो. समाश्रयण म्हणजे एका राशीतील चढउतार इतर राशींच्या आधारे समजावून घेण्याची पद्धत. ठाण्यातील नौपाडा भागात भाड्याने मिळणाऱ्या घरांचा तक्ता घेतला आणि त्यात भाडे, क्षेत्रफळ, स्थानकापासूनचे अंतर, मजला आणि लिफ्ट असे रकाने केले, तर अभ्यासक आरला ‘भाडे ~ क्षेत्रफळ + अंतर’ असे लिहून देतो. मधले ~ हे चिन्ह, ज्याला टिल्ड म्हणतात, त्याच्या उजव्या-डाव्या बाजूंची किंमत काढत नाही. ते दोन्ही बाजू जशाच्या तशा धरून ठेवते. त्यामुळे येथील + म्हणजे बेरीज नव्हे: क्षेत्रफळात अंतर मिळवायचे नसते, दोन्हींचा परिणाम स्वतंत्रपणे मोजायचा असतो. हे अंकन विल्किन्सन आणि रॉजर्स यांनी १९७३ मध्ये सुचवले, आणि १९९२ मध्ये चेंबर्स व हेस्टी यांनी संपादित केलेल्या ग्रंथाद्वारे ते एस भाषेत रुजले.

नौपाड्याचा तक्ता हाती असला की या अंकनाची खोली चांगली कळते. घंटाळी, राम मारुती रस्ता, गोखले रस्ता या परिसरात लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली जुन्या इमारती आणि पुनर्विकासातून उभे राहिलेले उंच टॉवर शेजारीशेजारी आहेत. लिफ्ट नसेल तर वरच्या मजल्यामुळे भाडे कमी होण्याचा संभव असतो, आणि लिफ्ट असेल तर तोच वरचा मजला भाडे वाढवू शकतो. म्हणजे मजल्याचा परिणाम लिफ्टवर अवलंबून आहे. यासाठी अभ्यासक ‘मजला * लिफ्ट’ असे लिहितो. गुणाकार न करता आर हा कॉल उघडते, अग्रस्थानी * चिन्ह पाहते आणि नियमानुसार त्याचा विस्तार मजला, लिफ्ट आणि त्या दोहोंची आंतरक्रिया अशा तीन पदांत करते. कॉल तोच, रचना तीच, पण तो वाचणारा निराळा असल्याने अर्थ निराळा. नवखा अभ्यासक अडखळतो तो येथेच. अंतराचा वर्ग हवा म्हणून त्याने सूत्रात अंतर^२ लिहिले, तर या वाचकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ अंतराची स्वतःशीच आंतरक्रिया असा होतो आणि फक्त अंतर उरते. कोणतीही चूक दाखवली जात नाही आणि उत्तर मात्र भलत्याच प्रतिमानाचे मिळते. वर्ग खरोखर हवा असेल तर तो ‘आय’ या फंक्शनच्या कवचात ठेवावा लागतो, म्हणजे तेवढ्या भागाचे अंकगणित अंकगणित म्हणूनच होते.

अशी दहा-बारा प्रतिमाने ताडून पाहायची असली, तर प्रत्येक सूत्र हाताने लिहिण्याऐवजी प्रोग्रॅमकडून घडवून घेतले जाते, आणि येथे कामाची बारीक कलाकुसर सुरू होते. समाश्रयण करणारे ‘एलएम’ हे फंक्शन उत्तराबरोबर आपल्याला कसे हाकारले गेले तो कॉलही जपून ठेवते, जेणेकरून निकालाच्या माथ्यावर मूळ प्रश्न छापता यावा. पण सूत्र आधी ‘स’ नावाच्या चलात ठेवून एलएमला तो स दिला, तर माथ्यावर नुसते स छापले जाते आणि दहाही निकालांवर एकच अक्षर दिसते. उपाय म्हणून ‘डू-कॉल’ या फंक्शनकरवी सूत्र आणि तक्ता या दोन्ही वस्तू थेट पुरवल्या, तर सूत्र नीट छापले जाते खरे, परंतु तक्त्याच्या नावाऐवजी सगळा तक्ताच कॉलमध्ये शिरतो, आणि निकाल पाहायला गेले की पडदाभर भाड्याचे आकडे सांडतात. सूत्राची किंमत हवी, पण तक्त्याचे मात्र नावच हवे, एवढा विवेक करावा लागतो. तक्त्याचे नाव कोटमध्ये गुंडाळून दिले की दोन्ही गोष्टी साधतात. लिस्पच्या उलट्या अवतरणचिन्हावरून घेतलेले ‘बी-कोट’ हे फंक्शन हेच काम अधिक सुबकपणे करते: त्यात पूर्ण कॉल न सोडवता राहतो आणि टिंब व कंस यांनी खूण केलेल्या जागीच तेवढी किंमत बसते.

या विवेकाचे शिक्षण वर्गात फारसे मिळत नाही, ही खेदाची बाब आहे. महाराष्ट्रात आरच्या प्रसाराचे काम मोठे झाले आहे. सुधा पुरोहित, शरद गोरे आणि शैलजा देशमुख यांचे आरद्वारे संख्याशास्त्र शिकवणारे इंग्रजी पुस्तक २००८ मध्ये आले, आणि पवईच्या आयआयटी मुंबईतील फॉसी प्रकल्प या मुक्त भाषेचा महाविद्यालयांत प्रसार करतो. तरीही अनेक विद्यार्थ्यांचा आरशी परिचय तयार फंक्शने चालवण्यापुरता राहतो. आलेल्या निकालामागचा कॉल उघडून पाहता येतो, हे त्यांना नोकरीत शिरल्यावर कळते. एक्स्प्रेशनचा एक तास अभ्यासक्रमाच्या पहिल्या सत्रातच यायला हवा, कारण तो देण्यास संगणकशास्त्राच्या कोणत्याही पूर्वतयारीची गरज नसते. विकलन येत असले की पुरे.

विकलनाचे उदाहरण त्यासाठी फार सोयीचे आहे. आरमधील ‘डी’ हे फंक्शन एक्स्प्रेशन घेते आणि त्याचे विकलज एक्स्प्रेशनच्याच रूपात परत देते. क^२ + ३*क चे विकलज २ * क + ३ असे स्वच्छ येते. क^३ चे ३ * क^२ येते. पण त्याचे पुन्हा विकलज घेतले, तर ६ * क न येता ३ * (२ * क) येते, कारण डी विकलनाचे नियम लावते आणि सरळरूप देण्याचे काम मोजक्याच ठिकाणी करते. मग विद्यार्थ्याने ते स्वतः करायचे. एक फंक्शन लिहायचे, जे संख्या वा चलाचे नाव भेटल्यास ते तसेच परत देईल, आणि कॉल भेटल्यास आधी त्याच्या प्रत्येक घटकावर स्वतःलाच चालवून मग त्या कॉलकडे पाहील. दोन संख्यांचा गुणाकार दिसला की तो करून टाकायचा, हा पहिला नियम प्रत्येकाला सुचतो, आणि ३ * (२ * क) वर तो काहीच करत नाही. कॉल उघडल्यावर कारण दिसते: ३ चा जोडीदार २ नाही, तर कंस आहे. आरमध्ये कंस हेदेखील एक फंक्शनच असून कॉलमध्ये त्याची स्वतंत्र पायरी असते. कंस सोलून काढण्याचा नियम जोडला, तरी ३ वरच्या पायरीवर आणि २ खालच्या पायरीवर राहतो. म्हणून संख्या गुणिले कॉल, आणि त्या कॉलच्या आरंभी पुन्हा संख्या, असा आकार ओळखून दोन्ही संख्या एकत्र आणणारा तिसरा नियम लागतो. तो लिहिला की ६ * क मिळते.

परंतु क * २ * ३ दिले, की हे फंक्शन पुन्हा थांबते, कारण डावीकडून वाचताना क आणि २ आधी एकत्र आलेले असतात आणि संख्या दोन्ही ठिकाणी उजवीकडे पडतात. आरशातील प्रतिबिंबासारखा चौथा नियम लिहायचा, की गुणाकारात संख्या नेहमी डावीकडे आणण्याचा एकच शिस्तीचा नियम सुरुवातीला लावायचा, हे येथे ठरवावे लागते. भास्कराचार्यांच्या मांडणीत राशी आणि सहगुणक यांच्या जागा ठरलेल्या असल्याने तेथे हा प्रश्न उद्भवत नाही. आरमध्ये लिहिणाऱ्याला पूर्ण मोकळीक असल्याने तो उद्भवतो, आणि बेरजेच्या पदांना हात घालण्यापूर्वी सरळरूप देणाऱ्या फंक्शनला ही शिस्त आधी लावून घ्यावी लागते.