शब्दमोजणीची पट्टी आणि स्किनरचे घड्याळ

लेखनाच्या सॉफ्टवेअरमधली प्रगतिपट्टी उत्साह का वाढवते, याचे उत्तर उंदरांपासून सुरू होते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्लार्क हल यांनी १९३२ मध्ये मांडले, की उद्दिष्ट जवळ येईल तसा प्राण्याचा वेग वाढतो; पुढे सरळ बोळातून खाद्याकडे धावणाऱ्या उंदरांवर त्यांनी ते तपासले. माणसेही वेगळी नाहीत. २००६ मध्ये जोसेफ न्यून्स आणि झेवियर ड्रेझ यांनी गाड्या धुण्याच्या केंद्रातला प्रयोग प्रसिद्ध केला. काही ग्राहकांना आठ शिक्क्यांचे कोरे कार्ड मिळाले, काहींना दहा शिक्क्यांचे, पण दोन शिक्के आधीच मारलेले. खेपा दोघांनाही आठच! कोरे कार्ड १९ टक्क्यांनी पुरे केले, दुसरे ३४ टक्क्यांनी.

म्हणूनच ८० हजार शब्दांची एकच पट्टी मधल्या काळात निरुपयोगी ठरते. ती हलताना दिसतच नाही. प्रकरणाला आणि रोजच्या बैठकीला वेगळी उद्दिष्टे दिली, की शेवट सतत जवळ राहतो. ‘स्क्रिव्हनर’ या लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये अंतिम तारीख आणि लिहिण्याचे वार नेमता येतात, उरलेल्या शब्दांवरून रोजचा वाटा आपोआप ठरतो आणि बुडालेला दिवस पुढच्या दिवसांत वाटला जातो. खोडाखोडीमुळे बैठकीची बेरीज शून्याखाली जाऊ द्यायची की नाही, हेही ठरवता येते. पहिल्या खर्ड्यात ती जाऊ न दिलेली बरी.

संपादनाच्या टप्प्यावर मात्र शब्दसंख्या हे मापच चुकते. उत्तम काम झालेल्या दिवशी शब्द घटतात. इथे बी. एफ. स्किनर यांची कमी चर्चिली गेलेली युक्ती कामी येते. पेटीतल्या कबुतरांच्या टोचा नोंदवणाऱ्या या शास्त्रज्ञाने तीच शिस्त स्वतःला लावली. टेबलावरचा दिवा लागला, की त्याला जोडलेले घड्याळ चालू होई. लेखनाच्या तासांची बेरीज आलेखावर चढत जाई. अशी रेषा कधी खाली येत नाही. आळसाच्या आठवड्यात ती फक्त आडवी होते.

उद्दिष्टाचा आकडाही उसना नसावा. ‘नॅनोरायमो’ या अमेरिकेत सुरू झालेल्या उपक्रमात महिन्याभरात ५० हजार, म्हणजे रोज सुमारे १,६६७ शब्द लिहायचे असत. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात, त्यामुळे तेवढाच मजकूर कमी शब्दांत मावतो आणि तोच आकडा अधिक जड पडतो. त्यापेक्षा आठवडाभर नुसती नोंद ठेवून त्या सरासरीवर उद्दिष्ट बेतणे सोयीचे.